दादाच्या गाण्यातले स्टूल

आमच्या कासारवाडीच्या घरात आतल्या खोलीच्या भिंतीवर, कमरेइतक्या उंचीला, टाचांचे दोन काळपट डाग होते. आई कामावरून आली की चप्पल काढायची, डबा मोरीत ठेवायची, फरशीवर पाठ टेकायची आणि दोन्ही पाय उचलून भिंतीला लावायची. पंधरा मिनिटं ती तशीच पडून राहायची. तेवढ्या वेळात तिच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला नियम कुणी घालून दिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. वडील स्कूलव्हॅन लावून आलेले असायचे, ते दाराबाहेर बसून राहायचे. स्टेशनवरची बाई लोणावळ्याच्या गाडीला उशीर झाल्याबद्दल तीन भाषांत खेद व्यक्त करायची. गॅसवर येसराची आमटी रटरटत असायची, कारण लातूर सुटलं तरी येसर सुटलं नव्हतं. मावशी दर खेपेला त्या भाजक्या मसालेदार पिठाचा डबा भरून पाठवायची. आणि त्या वासात, त्या आवाजात, माझी आई भिंतीला पाय लावून छताकडे बघत पडलेली असायची. तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या दोरीसारख्या फुगलेल्या होत्या. ती कधी त्याबद्दल बोलली नाही. मी बोलायचे, पण पत्रकांत.

तिशी ओलांडलेल्या बाईने आत्मकथन लिहू नये, असं मला आजवर दोघांनी सांगितलंय. दोघंही साठीचे होते आणि दोघांनीही स्वतःचं लिहून ठेवलेलं होतं. छापायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा मी लिहिते.

आई महाळुंग्याला एका शेडमध्ये कामाला होती. गाडीच्या आत जे वायरींचं जाळं असतं, त्याच्या जुड्या बांधायचं काम. तिरक्या फळीवर खिळे ठोकलेले असतात, त्या खिळ्यांमधून वायर फिरवायची, टेप गुंडाळायची, क्लिप लावायची, पुढच्या बाईकडे सरकवायची. सगळ्या बाया, सगळ्या उभ्या. सकाळी मिनीबस नाशिक फाट्याला यायची आणि त्यांना घेऊन जायची. शेडचे मालक संपतदादा. जमीन कंपनीत गेली, त्या पैशातून त्यांनी शेड घातली, मग दुसरी घातली, मग पांढरी गाडी घेतली आणि मग साहजिकच त्यांना लोकांची सेवा करावीशी वाटू लागली. येत्या निवडणुकीला ते उभे राहणार, हे चाकण ते भोसरी सगळ्या फ्लेक्सना माहीत होतं.

बायांची मागणी एकच होती: बसायला स्टूल. उंच स्टूल, फळीच्या उंचीचं. उभ्याने काम करणाऱ्या माणसाला बसायची सोय द्यावी लागते, हे कायद्यात लिहिलेलं आहे. मी ते कलम मोठ्या अक्षरात पत्रकावर छापलं होतं. पत्रक दादांपर्यंत गेलं आणि दादा लाइनवर येऊन बायांना म्हणाले, "आवं, बसलं की माणूस सुस्तावतं. माझी आय भात लावायची, तिला कुणी ष्टूल दिलं व्हतं का?" यावर बाया हसल्या. का हसल्या, यावर मी आणखी एक पत्रक काढलं.

पत्रकं लिहायचं मी कामगारांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका गटात शिकले होते. पिंपरीत एका दवाखान्याच्या वर आमची खोली होती. तिथे शिकवलं जायचं की पत्रकाच्या पहिल्या ओळीत राग, दुसऱ्या ओळीत मागणी आणि शेवटी वेळ-ठिकाण. बाकी सगळं कापून टाका. मी वीस वर्षांची होते आणि मला कापायला आवडत नव्हतं. त्यात त्याच वर्षी कॉलेजात आम्हाला कथनशास्त्र लागलं.

कथनशास्त्र म्हणजे गोष्ट कशी बनते त्याचं शास्त्र. सर फळ्यावर आकृती काढायचे. आधी सगळं नीट चाललेलं असतं. मग काहीतरी बिघडतं. कुणाला तरी ते कळतं. तो दुरुस्त करायला निघतो. शेवटी सगळं पुन्हा नीट होतं, पण पहिल्यासारखं नाही. हा झाला सांगाडा. मग त्यात माणसं भरायची, आणि माणसंसुद्धा ठरलेली: नायक, खलनायक, मदतनीस, नायकाला जादूची वस्तू देणारा, शेवटी बक्षीस म्हणून मिळणारी राजकन्या, तिचा बाप, आणि नायक असल्याचं सोंग करणारा तोतया. जगातल्या कुठल्याही परीकथेत एवढेच जण असतात म्हणे. आणि गाण्याच्या व्हिडिओतसुद्धा, सर म्हणाले, फक्त तिथे चार मिनिटांत उरकावं लागतं. त्यांनी आम्हाला प्रत्येकी एक म्युझिक व्हिडिओ आणून त्याची चिरफाड करायला सांगितली. माझ्या आयुष्यात इतका संतापजनक आणि इतका उपयोगी विषय त्याआधी आला नव्हता. मी बसस्टॉपवरच्या जाहिरातींनासुद्धा राजकन्या कोण म्हणून विचारू लागले. घरी मी वडिलांना सांगितलं की तुम्ही मदतनीस आहात. ते म्हणाले, "बरं. भाकरी वाढ."

त्याच वर्गात विकी होता. संत तुकाराम नगरचा, केसांना एका बाजूने सोनेरी रंग, स्वतःचा कॅमेरा आणि ड्रोन दुसऱ्याचा. तो वाढदिवसाची गाणी करायचा. आमच्याकडे हा एक मोठाच धंदा आहे. ज्याला पुढारी व्हायचंय त्याच्या वाढदिवसाला गाणं निघतं, त्याचा व्हिडिओ निघतो: गाडी, धुरळा, हळू चालीत उतरणारा बूट, मागे वीस पोरं. विकीला दादांचं काम मिळालं आणि त्याने मला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"राव, या वेळी स्टोरी करणार. सरांची आकृतीच लावतो. आधी शेडमध्ये सगळं हॅप्पी, मग काळ्या शर्टवाला येतो, लाइटी जातात, बाया घाबरतात. मग दादांची एंट्री. लाइट. ओवाळणी. ड्रोन."

"काळ्या शर्टवाला कोण?"

"माझा मावसभाऊ."

"तसं नाही. तो काय म्हणून येतो?"

"व्हिलन म्हणून," विकी म्हणाला. त्याच्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

शूटिंग एका मंगळवारी झालं. माल निघायचा होता म्हणून लाइन बंद करता येत नव्हती. विकीला तेच हवं होतं, खरे हात खरं काम करताना. आईने आदल्या रात्री हिरवी साडी इस्त्री केली. शकीलाखालाने, म्हणजे आईच्या शेजारच्या फळीवर काम करणाऱ्या आणि कासारवाडीतच गॅरेजच्या मागे राहणाऱ्या शकीलाबींनी, सगळ्या बायांना आपल्या हाताने मेंदी काढून दिली होती. मी या सगळ्याकडे तुच्छतेने बघत होते. आई परत आली तेव्हा ती बोलतच आत शिरली. कॅमेरा असा फिरत होता, दादा तीनदा गाडीतून उतरले, काळ्या शर्टातल्या पोराला शकीलाखालाने हसून चहा दिला म्हणून विकी तिच्यावर चिडला. मी वहीत लिहीत होते, हूं हूं करत. आई सांगत गेली आणि सांगता सांगता तिने उभ्या उभ्या भाकरी थापल्या. त्या संध्याकाळी तिने पाय भिंतीला लावले नाहीत. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मला दिसलं नाही.

व्हिडिओ वाढदिवसाच्या आठवडाभर आधी आला. गाण्यात 'दादा'ला 'वादा' चार वेळा जुळवलेला होता. मी तो कॉलेजच्या जिन्यात बसून सलग अकरा वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी माझं रक्त आणखी तापलं. सगळं सरांच्या आकृतीबरहुकूम होतं. नायक: दादा. खलनायक: विकीचा मावसभाऊ. जादूची वस्तू: पांढरी गाडी. आणि राजकन्येच्या जागी, बक्षीस म्हणून, तबक घेतलेल्या एका रांगेत माझी आई. चार सेकंद. नाव नाही, वाक्य नाही, फक्त कृतज्ञता. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. दोन्ही बाजू भरल्या. दादा हे तोतया नायक कसे, खरा खलनायक कॅमेऱ्याच्या आड कसा राहतो, बिघाड बाहेरून येतो असं दाखवून आतला बिघाड कसा झाकला जातो. आणि बायांबद्दल मी लिहिलं: 'या व्हिडिओत कामगार स्त्रिया माणूस म्हणून नाहीतच. त्या शोभेच्या कुंड्या आहेत. कुंडीला पाणी घातलं की ती टाळ्या वाजवत नाही, एवढाच काय तो फरक.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याला चौकट टाकली.

सकाळी नाशिक फाट्याला मिनीबसपाशी उभं राहून मी ते वाटलं. बायांनी घेतलं. आईनेही घेतलं, इतरांसारखंच, आणि घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलं. कॉलेजात मी एक प्रत सरांना दिली. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली आणि म्हणाले, उत्तम उपयोजन. मी दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

संध्याकाळी आईच्या आधी शकीलाखाला दारात आली. तिच्या हातात माझी पत्रकं होती, सगळी, एकावर एक नीट लावलेली.

"सुपरवायझर गोळा करायच्या आधी आम्हीच गोळा केले," ती म्हणाली. "तुझी आई कामाला आहे तिथे. तुझ्या लक्षात होतं का नाही, काय माहीत."

मी म्हटलं, "खाला, तुम्ही वाचलंत?"

"वाचलं ना. बसमध्ये मोठ्याने वाचलं. दोनदा." तिने गठ्ठा माझ्या हातात दिला. "माझ्या लग्नाचा व्हिडिओ नाही बेटा, फोटोपण नाही. आयुष्यात पयल्यांदा कुणीतरी माझ्यावर लाइट मारली. तर तू मला कुंडी बोललीस."

ती गेली. आई आली, पाय वर केले, उतरवले, आमटी केली, आणि दोन दिवस माझ्याशी फक्त मीठ, पाणी आणि दार एवढ्याच विषयांवर बोलली. मी मनातल्या मनात तिच्याशी कडाडून भांडत होते. तिला जाणीव नव्हती, तिला कथनशास्त्र माहीत नव्हतं, तिला वापरलं गेलं होतं. मी हे सगळे मुद्दे क्रमवार काढले होते. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने हात पुसले आणि माझ्यापुढे बसली.

"त्या कागदात ष्टुलाचं काय लिहिलंस?"

मी कागद काढला. दोन्ही बाजू वाचल्या. स्टुलाचं काही नव्हतं. सात भूमिका होत्या, एक चौकट होती, तोतया होता. जी एक गोष्ट त्या बाया वर्षभर मागत होत्या, ती लिहायची राहून गेली होती. पत्रकाची दुसरी ओळ मी विसरले होते.

"लाव ते गाणं," आई म्हणाली. "आवाज बंद कर. त्या गाण्यानं काई दिसंना झालंय."

मी लावलं. बिनआवाजाचे दादा गाडीतून उतरले. आई फोनवर इतकी वाकली होती की तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास मला येत होता. "थांबीव," ती म्हणाली. "मागं घे. हां. हे बघ."

दादा शेडमधून चालत येत होते आणि दोन्ही बाजूंना बाया काम करत होत्या. मी ते दृश्य अकरा वेळा पाहिलं होतं.

"आमी बसलोत," आई म्हणाली.

बाया बसल्या होत्या. सगळ्या. फळीच्या उंचीच्या स्टुलांवर, पाय आडव्या पट्टीवर टेकवून, टेप गुंडाळत.

"त्यो विकी म्हनला, उभ्या बायांच्या मागं दादा दिसंना झालेत. दादा हायेत एवढे." तिने हात आपल्या खांद्याखाली धरला. "मंग मंडपवाल्याकडून ष्टुलं आनली. सकाळपासनं जेवनापस्तोर बसून काम केलं. माल किती निघाला, सुपरवायझरला इचार. रोजच्याइतकाच निघाला. गाणं संपलं, ष्टुलं टेम्पोत गेली, आमी परत उभ्या." ती मागे टेकली. "तुज्या त्या यादीत ष्टुलाला काय म्हनतेत?"

यादीत स्टुलाला काहीच म्हणत नव्हते. मी यादी बाजूला ठेवली आणि तिला विचारलं, आता काय करायचं. ती म्हणाली, "तू काईच करू नगंस." हे मला माझ्या चळवळीच्या आयुष्यात मिळालेलं पहिलं नेमकं मार्गदर्शन.

वाढदिवस शेडच्या अंगणात होता. मांडव, मोठा एलईडी पडदा, तलवारीने कापायचा केक, पावभाजी. दादांचं वायरिंग विकत घेणाऱ्या कंपनीचे दोन साहेब पहिल्या रांगेत, गावातले वडीलधारे दुसऱ्या रांगेत, बाया मागे, मी आईशेजारी, घरचं माणूस म्हणून, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. व्हिडिओ लागला. टाळ्या, शिट्ट्या. काळ्या शर्टवाला आला तेव्हा त्याच्या आईने त्याला नावाने हाक मारली. व्हिडिओ संपला आणि माझी आई उठून उभी राहिली.

"दादा, परत एकदा लावा की. आमी दिसतो ते."

दादा खूश झाले. "आरं लाव लाव! बायांना बघायचंय सोताला!"

परत लागला. शेडचं दृश्य आलं आणि आई म्हणाली, "हितं थांबवा." विकीने थांबवलं. पडद्यावर मांडवाएवढी माझी आई बसलेली होती. सगळे तिच्याकडे बघत होते. पडद्यावर बसलेल्या आणि इथे उभ्या असलेल्या, दोघींकडे.

"लई छान काम केलंत दादा," आई म्हणाली. "बायांना बसून काम दिलंत. माल बी कमी झाला न्हाई, का ओ सुपरवायझर?"

सुपरवायझरने दादांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पावभाजीकडे पाहिलं. "कमी नव्हता," तो म्हणाला.

"तर दुसऱ्या दिवशी ष्टुलं दिसंना झाली. मी म्हनलं, दादांनी दिलेली वस्तू कोन उचलून नेली? दादांना सांगावं."

दादा काही बोलायच्या आत विकी पडद्यामागून प्रामाणिकपणे म्हणाला, "ती भाड्याची होती ना काकू." त्याला कुणीतरी खाली बसवलं. पहिल्या रांगेतला एक साहेब मागे वळून खरोखरच्या शेडकडे बघू लागला. शेडचं दार उघडं होतं. आत फळ्या होत्या आणि बसायला काही नव्हतं.

मी जीभ दातांत धरून होते. माझ्याकडे कलम तयार होतं, पोटकलमासकट. आणि मला दिसत होतं की आई ते कलम कधीच काढणार नाही. मी दादांना नायकाच्या जागेवरून ओढून खाली पाडायला दोन्ही बाजू छापल्या होत्या. आईने त्यांना तिथेच राहू दिलं, एवढ्या लोकांसमोर, आणि आता गोष्ट पुढे न्यायला नायकाने काहीतरी करणं भाग होतं. मागे पडद्यावर बसलेल्या बायांमधून चालणारे मोठे दादा थांबलेले होते. त्याहून छोटे दादा त्याच्याखाली उभे राहून घाम पुसत होते.

"आता कशी गेली, कोण घेऊन गेलं," दादा म्हणाले, "ते बघतो मी. पण मावशे, शब्द हाय आपला. पंधरा दिवसांत. भाड्याची न्हाई, सोताची." टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या. शकीलाखालाने शिट्टी वाजवली, ती तिला येते हे मला माहीत नव्हतं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शिकून घे." त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलू लागली, म्हणजे टोमणे मारून.

स्टुलं तेराव्या दिवशी आली. लोखंडी पाय, लाकडी बैठक, उंची बरोबर. आमच्या भागात बसायची कुठलीही वस्तू कुणी दिली तर तिच्यावर देणाऱ्याचं नाव असतंच. बागेतली बाकडी, स्मशानातले कट्टे, सगळीकडे. या स्टुलांच्या बैठकीवरही लाल रंगात गोलाकार रंगवलेलं होतं: संपतदादा मित्र परिवार यांच्या सौजन्याने. आईने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी ताडकन उठले. कायद्याने देणं भाग असलेली वस्तू तो स्वतःच्या नावाने देतो? यावर बहिष्कार टाकला पाहिजे. बायांनी त्या स्टुलांवर बसता कामा नये. मी पेन शोधू लागले.

आई भाजी निवडत होती. "नाव कुठं लिहिलंय सांगितलं ना तुला?"

"बैठकीवर."

"मंग," ती म्हणाली, "बसू की."

पेन मला सापडलं होतं. मी ते परत ठेवलं. दादा त्या निवडणुकीत पडले. त्याला माझं पत्रक कारणीभूत नव्हतं, कारण ती सगळी पत्रकं आमच्या पलंगाखाली होती. विकी आता लग्नाचे व्हिडिओ करतो. कथनशास्त्रात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले आणि मी ते आजही वापरते, पण आता कुठल्याही व्हिडिओत आधी बघते ते कोण बसलंय आणि कोण उभं आहे.

वर्षभराने आईचा डबा घरी राहिला म्हणून मी एकदा महाळुंग्याला गेले होते. जेवणाची सुट्टी होती, बाया बाहेर होत्या, लाइनवर रिकामी स्टुलं ओळीने उभी होती. आईचं मी ओळखलं: ज्या स्टुलाच्या कडेला शकीलाखालाचं मेंदीचं बोट उमटलेलं होतं, त्याच्या शेजारचं. बैठक चकचकीत झाली होती. लाल रंगातलं 'यांच्या सौजन्याने' तेवढं नीट वाचता येत होतं. कुणाच्या, ते बसून बसून पुसलं गेलं होतं.